चार दारांना एकच अंगठा

निपाणी,
ता. १२ नोव्हेंबर १९८३

चि. धरणेंद्र यास शालनआक्काचा आशीर्वाद आणि जय जिनेंद्र.

मी बरी आहे. वखारीतल्या तंबाखूचा वास लुगड्यातून जात नाही, बाकी त्रास नाही. ब्राह्मीनं बांधून दिलेला कुंदा शेजारी वाटला. तुझ्या बायकोचा हात सढळ आहे, तिला सांग.

बेळगावाहून आल्यापासून लिहीन लिहीन म्हणते. ह्यांची गाडी सुरेख केलीस. परड्यात तिच्यावर दोडक्याचा वेल चढला होता, आता काळी कुळकुळीत दिसते.

दारांच्या मुठी मात्र मनातून जात नाहीत. ह्यांच्या बाजूची एकच मूठ शाबूत होती. ह्यांच्या अंगठ्यानं झिजून तिला खळी पडलेली. तीच वाळूत दाबून, त्या ठशात तू चार नव्या ओतून घेतल्यास. मी गाडीभोवती फिरले. चारी दारांना ह्यांचा अंगठा. मागच्या दारांना ह्यांनी कधी हात लावला नव्हता रे. तिथंही खळी. मी त्यात अंगठा ठेवला, आणि लवकर काढला नाही.

तू हसलास. "आक्का, हुबेहूब न्हवं? खुद्द दाजी आले तरी फसतील बघ."

तेवढ्यात गाडी घेणारे ते पुण्याचे गृहस्थ आले, बायको आणि दोन पोरींना घेऊन. तू म्हणालास, "साहेब, नटबोल्टसुद्धा मूळचा हाय." त्यांच्या धाकटीनं मागची मूठ धरली आणि सोडली. "आई, इथं आधीच कुणीतरी धरलंय."

मुठींचं मी सोसलंही असतं. मूठ खोटी असली तरी तिनं दार उघडतं.

पण स्टेअरिंगचा दांडा. तवंदीच्या घाटात ह्यांच्या हाताखाली तुटला तोच. पोलिसांनी परत दिलेले दोन तुकडे मी ट्रंकेत ठेवले होते. "नमुन्याला दे" म्हणालास, दिले. ते वेल्डिंगनं पक्के जोडून तू त्याचीही नक्कल ओतलीस, मिठाच्या पाण्यात ठेवून गंज चढवलास. अजून बसवायचा होता, बाकावर पडलेला. हातात घेतला तर मधोमध नख अडकलं. जुना जिथं मोडला, तिथंच रेघ. नव्या लोखंडात, धरणेंद्र.

वाचनालयातून यंत्रांचं पुस्तक आणून मी अक्षर अक्षर लावून वाचलं. मूळचा दांडा घणाखाली ठोकून घडवलेला असतो. ओतीव लोखंड वाकत नाही, एकाएकी तुटतं. हे तुला माझ्याआधीपासून ठाऊक असणार.

गाडी माझ्या नावावर आहे. घडीव दांडा बसव, नवं काय काय आहे ते त्या गृहस्थांना खरं सांग, मग सही करीन. तोवर नाही.

आणि बाकावर, बाकाखाली शोधू नकोस. जुना, नवा, दोन्ही दांडे मी पिशवीतून आणलेत. ह्यांच्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेत. आज उघडून पाहिले. इतकी वर्षं मी जुन्याचे तुकडे पुसत आले, तरी ह्यांना नेणारा कुठला आणि त्या पोरींना नेणार होता तो कुठला, मला ओळखता आलं नाही.

ट्रंकेची किल्ली कमरेला लावून बसलेली,
तुझी
शालनआक्का