पुढच्याचा हात

अल वक्रा, दोहा
२४ जून २०२५

ती. ईश्वरीताईंस,
शैलजाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुमचा भाऊ शेजारीच बसलेला असतो, म्हणून हे पत्र. शेजारची बिलकिस उद्या सुट्टीवर मुंबईला निघाली आहे, ती तिथून पोस्टात टाकेल. तुमचा गोडा मसाला पोचला. देवव्रतने वास घेतला आणि डबा लपवून ठेवला, माझ्या हाती लागला तर मी चार दिवसांत उडवीन म्हणे. या महिन्यात तो हसला तो तेवढाच.

उन्हामुळे बाहेर सायकल काढायची सोय नाही. मागच्या खोलीत एसी लावून, मागचं चाक लोखंडी स्टँडला जोडून तो जागच्या जागी पायडल मारत बसतो. गेल्या वर्षी आल्प्सला जाण्याआधी त्याचा मित्र फ्लॉइड आणि तो असाच घाम गाळत होते, आठवतं ना? डोंगरातल्या खडीच्या वाटांवर आठवडाभर सायकली चालवायच्या, म्हणून केवढा उत्साह! कतारात चढ नाही, म्हणून दोघांनी स्टँडवर चढाचा सराव केला. उतरायचाही सराव लागतो हे दोघा इंजिनियरांच्या डोक्यात आलं नाही. तिसऱ्या दिवशी उतारावर फ्लॉइड दरीत कोसळून गेला. तो फार वेगात होता, एवढंच आपल्याला ठाऊक.

ताई, आता जे लिहिते ते वाचून हसू नका. इथल्या सपाट रस्त्यांवर वारा फार, म्हणून हे लोक एकामागे एक चालवतात. मागच्याला पुढचं दिसत नाही. पुढच्याला दगड किंवा खड्डा दिसला की त्याने हात खाली सोडून बोट दाखवायचं, अशी यांची पद्धत आहे. त्या बंद खोलीत, जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर, देवव्रतचा डावा हात मधूनच खाली जातो आणि फरशीकडे बोट दाखवतो. मागे नुसती भिंत आहे. मी विचारलं, तर आपला हात हलतो हेच त्याला माहीत नव्हतं. तेव्हापासून मी त्या खोलीत कपडे वाळत घालायलासुद्धा जात नाही.

सप्टेंबरात तो पुन्हा त्याच वाटेवर निघाला आहे, एकटा. परवा विम्याचे कागद कुठे असतात ते मला दाखवून ठेवलं. तो तिथून परत येणार नाही अशी मला भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं.

कळावे. तुमची माया आहेच, पण सध्या जरा जास्तच लागणार आहे.

तुमची,
शैलजा


नाशिक
९ जुलै २०२५

चि. सौ. शैलजा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. मसाला कोण उडवतं ते मला चांगलं माहीत आहे. लहानपणी दाण्याचे लाडू तो फस्त करायचा आणि नाव माझं सांगायचा. पासपोर्ट लपवायचा विचार मनात आला असेल तर सोडून दे. आमच्या घरात हट्टाला हट्ट भेटला की नुसती दारं आपटतात.

त्या हाताचं वाचून मला मुळीच हसू आलं नाही. गेल्या वर्षी फोनवर तू रडत सांगितलं होतंस, की उतारावर फ्लॉइड पुढे होता आणि आपला देवव्रत मागे. मग बोट दाखवणारा फ्लॉइड, नाही का? शैलजा, हा कुणाच्या हाताची नक्कल करतोय?  मी उठून देवापुढे दिवा लावला.

आपण सगळ्यांनी त्याला सावर म्हटलं, देवाच्या मनात होतं म्हटलं. नक्की काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. माझ्यापुढे तो लहानपणापासून खोटं बोलत आला आहे, तेव्हा तू विचार. आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नकोस.

तुम्हा दोघांवर जीव आहे, हे त्या गाढवालाही सांग.

तुझी,
ईश्वरीताई


अल वक्रा, दोहा
३ ऑगस्ट २०२५

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

विचारलं. तो सायकलवर होता. पायडल थांबवलं, पण खाली उतरला नाही. तसाच बसून त्याने सगळं सांगितलं.

उतारावर दोन्ही हात ब्रेकवर लागतात. वाटेत रुतलेला एक दगड फ्लॉइडला दिसला. इतक्या वर्षांची सवय, त्याने हात सोडला आणि मागच्याला दगड दाखवला. तेवढ्यात पुढचं चाक घसरलं. वेग जास्त होता हा तिथल्या लोकांचा अंदाज, आणि देवव्रतने तो खोडला नाही. आता त्याला तो दगड उपटून टाकायला जायचं आहे. त्यानंतर काय, असं मी विचारलं, तर पुन्हा पायडल मारायला लागला. 

मी हट्ट धरला की हे आधी फ्लॉइडच्या बायकोला, जोआनाला सांगायचं. ती बिचारी वर्षभर नवऱ्यावर चिडून आहे. बायको आणि लेक विसरून शर्यत करत गेला, असंच ती धरून चालली होती. घरात त्याचा फोटोही लावलेला नाही. शुक्रवारी आम्ही अल अझीझियाला तिच्या घरी गेलो. हॉस्पिटलची ड्यूटी करून ती नुकतीच आली होती, गणवेशही बदलला नव्हता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, की तो दगड देवव्रतला दिसला होता का.

नाही म्हणता आलं असतं. तो म्हणाला की दिसला होता. फ्लॉइडचा हात हलायच्या आधीच दिसला होता.

मला वाटलं ती आम्हाला बाहेर काढेल. ती उठून आत गेली, तोंड धुऊन आली. म्हणाली, हे इथेच खलास. लेकीला फक्त एवढं सांग, की डॅडीने हात दाखवला म्हणून तू वाचलास. देवव्रत तयार होईना. त्यावर ती म्हणाली, की तुझ्या गप्प बसण्याने वर्षभर एक खोटं चालवलं, आता प्रिसिलासाठी दुसरं चालव.

प्रिसिला अकरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. देवव्रतने सांगितलं ते तिने ऐकलं, रडली नाही. दगड अजून तिथेच आहे का, असं विचारलं. देवव्रत म्हणाला की तो काढून टाकायलाच मी चाललोय. तेव्हा मात्र ती ओरडली. डॅडीने शेवटचं बोट ज्याच्याकडे दाखवलं तो दगड कुणीही हलवायचा नाही, तिला तो स्वतः बघायचा आहे. आत्ता नाही, मम्मी पाठवणार नाही. अठरा वर्षांची झाल्यावर. आणि नेमका दगड कुठला ते फक्त अंकलला माहीत आहे, म्हणजे अंकलने तोपर्यंत असायला हवं, एवढं ती अगदी शाळेतला नियम सांगावा तसं म्हणाली.

मी किती शपथा घातल्या होत्या, एकीलाही तो बधला नव्हता. खाली येऊन गाडीत बसलो. त्याने किल्ली लावली. मग म्हणाला, अजून सात वर्षं. आणि गाडी सुरू केली.

कळावे. आशीर्वाद असू द्यावा, दोघांनाही.

तुमची,
शैलजा