एकवीस मोदकांचं घनफळ

पंचवटी, नाशिक

श्री. त्र्यंबकराव यांस,
ढुंढिराजचा सप्रेम नमस्कार.

मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळून जीव भांड्यात पडला. आठ दिवस काहीही वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय ते पाळा. तुमची बहीण कुसुम शुश्रूषेला दिंडोरीस आलीय, म्हणजे डोळ्यांची काळजी नाही (कानांची तुम्ही घ्या).

इकडे चतुर्थीचा पेच पडला. निघताना कुसुम म्हणाली, नैवेद्याचे मोदक विकत आणा. मी म्हटलं, चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलीय. मोदक म्हणजे शंकू, त्यात काय एवढं? लागली पैज. एकवीस मोदक जमले तर तिने गणिताला नावं ठेवणं बंद करायचं. फसले तर माझ्या वह्यांची ट्रंक रद्दीत. (त्या ट्रंकेत माझं उभं आयुष्य आहे. हसू नका.)

मग देवापुढचा चांदीचा मोदक कर्कटकाने मापला. पारीसाठी वक्रपृष्ठफळ, सारणासाठी घनफळ काढलं, दोन्हींना एकवीसने गुणलं आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या. नारळ लागले सहा. एरवी दीड पुरतो हे आठवलं होतं; पण कुसुम करते अंदाजाने आणि मी सूत्राने, तेव्हा चूक तिचीच असणार असं धरून खवत बसलो. (दोन बोटं सोलली.) मोदकपात्रात एका वेळी चारच मावले आणि पहिल्या वाफेलाच चारही फुटले. उरलेले बघून शेजारची पल्लवी म्हणाली, "काका, कचोऱ्या मस्त झाल्यात! तळायच्या राहिल्या का?" शेवटी बाप्पापुढे सारणाचीच वाटी ठेवली. आज चौथा दिवस. तेच सारण मी पोळीशी, भाताशी आणि काल तर पिठल्याशीही खाल्लं. दोष नारळांचा. हल्ली फार मोठे येतात.

प्रकृतीस जपा.

आपला,
ढुंढिराज

ता. क. मोदक झकास झाले, असं मी कुसुमला फोनवर सांगून बसलोय. तुमचा फोनही तीच उचलते, म्हणून हे पत्र. तिच्या दृष्टीस पडू देऊ नका.

आणखी एक ता. क. तुमच्यापासून काय लपवायचं? नारळ बिचारे ठीक होते. मी मापला व्यास आणि सूत्रात घातला त्रिज्या म्हणून. सारण झालं चौपट, पारी जेमतेम अडीचपट. याच चुकीला मी पोरांचे दोन मार्क कापत आलो.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवताना लक्षात आलं, तुम्हाला वाचायची बंदी आणि घरात तिसरं कोणी नाही. म्हणजे हे कुसुमच वाचून दाखवत असणार. कुसुम, जिंकलीस. ट्रंक रद्दीत दे, पण स्वतः येऊन दे. तू गेल्यापासून या दोन खोल्यांचंही घनफळ चौपट झालंय, आणि हे उत्तर मी दोनदा तपासलंय.