अठरा युनिटांचा आळ

सिल्वासा,
१६ फेब्रुवारी २०२५

सौ. बायडाबाईस,

नमस्कार. खडोलीची नवी खोली कोरडी असेल आणि सुकदेवची रात्रपाळी संपली असेल, अशी आशा. सरिता, तू हे आईला मोठ्याने वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस. तुझी ती खोड मला शिकवणीपासून ठाऊक आहे.

दिवाळीआधी मी घरातले पिवळे बल्ब काढून सगळीकडे एलईडी लावले. साठ वॉटच्या जागी नऊ. बिल उतरायलाच हवं होतं. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला कोण चुकीचं ठरवणार? बिल अठरा युनिट वाढून आलं. माझ्याकडे भाड्याने घेतलेल्या तुमच्या खोलीचा मीटर वेगळा, तरी माझ्या हुशार डोक्याला एकच उत्तर सुचलं: तुम्ही माझ्या मीटरवरून वायर ओढलीत.

नळावर सात बायकांसमोर मी तुला वीजचोर म्हणाले. बायडाबाई, तू एवढंच म्हणालीस, "बाई, आम्ही तुमचा उजेड चोरीसन काय करू?"

मी म्हणाले, "ते वायरला विचार."

बायका हसल्या. चार दिवसांत तुम्ही खोली सोडलीत.

त्यानंतरही बिल तेवढंच. दिवे विकणाऱ्या दुकानदाराला झापून झालं. शेवटी नवनाथ वायरमनला बोलावलं. त्याने सगळी बटणं बंद केली, तसा मीटरवरचा लाल ठिपका लुकलुकायचा थांबला. कुठेही वायर ओढलेली नव्हती.

"मॅडम, भर दुपारी दहा दिवे चालू होते. कोणासाठी?"

"नऊ वॉटचे आहेत ते."

"आणि तास?"

पूर्वी चार बल्ब पाच तास, म्हणजे दिवसाला १.२ युनिट. आता दहा दिवे वीस तास, म्हणजे १.८. महिन्याचा फरक बरोबर अठरा. दिवे खरंच कमी खातात. मी वॉट धरले, तास धरलेच नाहीत. सहावीतल्या पोराला यासाठी मी बाकावर उभं केलं असतं.

आमचे साहेब वारल्यापासून मला अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकवत नाही. हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं. त्यापेक्षा तुम्हाला चोर म्हणणं सोपं गेलं.

माझ्यामुळे तुझी धुण्याभांड्याची दोन कामं सुटली. काल दोन्ही घरी जाऊन आले. वैशालीताई तुला सोमवार, २४ तारखेपासून बोलावतात. दुसरी म्हणाली, "जाऊ द्या हो, अशा लोकांचं काय सांगावं." मी विचारलं, "माझ्यासारख्या का?" तिच्याकडे तू नाही गेलीस तरी चालेल.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये चूक जितक्यांसमोर केली तितक्यांसमोर कबूल करावी लागे. नळावर सांगून झालं. पण बोलणं खडोलीपर्यंत पोचलं असणार. येत्या रविवारी, २३ तारखेला, सकाळी दहाला येते. तुझ्या शेजारणींसमोर उभी राहून सांगेन. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. खोली अजून रिकामी आहे, पण परत ये म्हणायचा हक्क मला नाही.

तुझं नाव खराब करणारी,
सुनंदा