काहून की काहू न

३ फेब्रुवारी, मंगळवार
पुस्तक आलं. खानभाईनं प्रेसमधून चार गठ्ठे ऑटोत टाकून पाठवले. तीनशे प्रती. कव्हरवर माह्या गाण्याच्या गुरूचा, मास्तरांचा फोटो, आत लिहिलेलं : संपादक मनोहर, स्वरलिपी मनोहर, प्रकाशक मनोहर. शालू म्हणे, "झाडू मारनाराचंबी नाव टाका नं, तेबी तुमीच मारता." बायको अशी पाहिजे.

प्रकाशन म्हणजे तरी काय, तिची शिवणमशीन सरकवून मिळालेला कोपरा, एक कम्प्युटर अन् मी. शाळेतून रिटायर झालो तसा परीक्षेच्या पोरांसाठी स्वरलिपीची पुस्तकं छापून राह्यलो. लय आधी माह्या स्वतःच्या बंदिशी पण मीच छापल्या, दुसरं कोण छापणार होतं? पण हे पुस्तक वेगळं. मास्तरांनी जलमभर बांधलेल्या बेचाळीस बंदिशी. मास्तर कळंबले अंथरुणावर, लकवा मारला तेव्हापासून वाचा गेली. त्यांच्या हाती पुस्तक ठेवायचं, बस. २२ तारखेले, रविवारी, कळंबच्या विहारात कार्यक्रम ठरला.

चूक सापडेपर्यंत आता चैन पडणार नाई. सापडली तं मुळीच पडणार नाई.

५ फेब्रु., गुरु.
भिंग घेऊन बसलो. पान ३१, कोमल गंधाराखालची आडवी रेघ पुसट. गेली वाटलं, घाम फुटला. हाय, रेघ हाय. BP ची गोळी घेतली का नाई आठवेना. शालूले विचारलं तं म्हणे, "माह्याच हातानं देली नं तुमाले!"

पान १७ वाचून बरं वाटलं. मास्तरांची बागेश्री, तीनताल. सगळ्यात गाजलेली.
काहू न बिसराई सुध मोरी
एकहि गाँव, एकहि डगरिया
खाली मी अर्थ देला : 'मला कुणीच विसरलं नाही, एकाच गावात, एकाच वाटेवर सगळे आपलेच. कृतार्थ कलावंताचे समाधान.' हे वाक्य मले स्वतःले लय आवडलं होतं.

७ फेब्रु., शनि.
सुजाताचा फोन. मास्तरांची पोरगी, तिथंच ZP शाळेवर शिकवते. "दादा, माळ्यावरच्या पेटीत बाबाची वही सापडली. तुमी मांगत होते नं ते, शब्दायची."
दोन वर्षं मागून राह्यलो होतो. आता सापडली! पुस्तक छापून झाल्यावर!
"उंदरानं खाल्ली असंन नं?" मी म्हटलं.
"नाई दादा, एकदम चांगली हाय."
उंदीरबी कामाचे नाईत.

८ फेब्रु., रवि.
सकाळच्या येष्टीनं कळंबले गेलतो. लोक तिथल्या चिंतामणी गणपतीच्या पायऱ्या उतरून चिंता ठेवून येतात, मी त्या गावातून चिंता घेऊन आलो.

मास्तर झोपले होते. वही पाह्यली. निळी शाई, मास्तरांचं मोत्यासारखं अक्षर. स्वर नाईत, नुसते शब्द. बागेश्रीचं पान निघालं.

'काहून बिसराई सुध मोरी.'

काहून. एकच शब्द. वरची शिरोरेषा का पासून न पर्यंत सलग, कुठं हात उचलला नाई. आपल्या वऱ्हाडीतला काहून. ब्रजभाषेच्या बंदिशीत मास्तरांनी घरचा शब्द बसवला, अन् मी तो ब्रजभाषेचाच समजून तोडला. 'काहू न', कुणीच नाई विसरलं. 'काहून', का विसरलास? एका स्पेसनं अर्थ डोक्यावर उभा.

अन् पानाच्या खाली, बारीक अक्षरात : 'तान्हा पोळ्याचा सण. मन्या आजबी आला नाई.'

मन्या म्हणजे मी. मले दुसरं कोणी मन्या म्हणत नाई.

सुजाता चहा घेऊन आली तं वही मिटली. "कायचं पान पाहून राह्यले होते?" म्हटलं, काई नाई, अक्षर पाहत होतो. खोटं बोललो.

९ फेब्रु., सोम.
तिशीत होतो तेव्हा. कळंबच्याच शाळेत नोकरी, मास्तरांच्या घरापासून दोन गल्ल्या. पहिलं पुस्तक काढलं, माह्याच बारा बंदिशी. मास्तरले आधी दाखवल्या होत्या. म्हणे, "दोन अजून कच्च्या हायेत, थांब थोडा." थांबलो नाई. छापलं. वरून राग मीच धरला. चार वर्षं त्यांच्या घरी पाय ठेवला नाई. ते ओट्यावर बसलेले दिसले की गल्ली बदलून जायचो. एकहि गाँव, एकहि डगरिया.

वापस गेलो तेव्हा एक शब्द बोलले नाईत. तंबोरा हाती देला. बागेश्री शिकवली. कागदावर स्वरलिपी होती, अन् स्वरलिपीत शब्द तुटूनच येतात. एका मात्रेखाली का, दुसऱ्या खाली हू, तिसऱ्या खाली न. जोडायचं काम माह्यावर सोडलं होतं मास्तरांनी. मी जोडलं ते असं.

त्या बंदिशी खरंच कच्च्या होत्या, दोनच नाई, चार.

११ फेब्रु., बुध.
खानभाईकडे गेलो. म्हणे, "सर, एक स्पेस की तो बात है. कौन देखता?"
पेनानं जोडतो म्हटलं तं तेबी जमत नाई. प्रूफात जोडायची खूण म्हणजे खालून कमान. स्वरलिपीत तीच कमान म्हणजे दोन स्वर एका मात्रेत. पोरं एका मात्रेत दोन अक्षरं कोंबतील अन् परीक्षेत नापास होतील. तीनशे प्रती अन् एक कमान मारायची सोय नाई. असा कसा धंदा धरला मी!

शुद्धिपत्र चिकटवायचं तं काय लिहू? अन् खालचा तो अर्थ? 'कृतार्थ कलावंत'! शिकलेल्या माणसाचा मूर्खपणा.

१२ फेब्रु., गुरु.
आज एक विचार आला, लिहून ठेवतो म्हणजे लाज वाटंन. कोणाले सांगायचंच नाई. सुजातानं वही नीट वाचली नाई. मास्तर बोलू शकत नाईत. गाताना तं फरक पडतच नाई, सूर तेच, मात्रा त्याच. बिनधोक.

लिहिलं. वाटली लाज.

१४ फेब्रु., शनि.
सुजाताचा फोन. "दादा, बाबाले एक पुस्तक आदीच दाखवा नं. रोज दाराकडे पाह्यतात." म्हटलं बाइंडिंग ओलं हाय. दहा दिवसांचं बाइंडिंग ओलं! पोरीनं ऐकून घेतलं, फोन ठेवला.
शालूले सगळं सांगतलं. शिवत होती, मशीन थांबवली.
"त्याईलेच इचारा मंग."
"बोलता येते का त्यांले?"
"आयकू तं येते."
"काय विचारू?"
"तुमाले मालूम हाय काय इचाराचं ते. कायले येड घेऊन पेडगावले जाता?"
जेवण गेलं नाई.

१५ फेब्रु., रवि.
मास्तरांच्या वाढदिवसाले दरवर्षी हीच बंदिश म्हणायचो मी. पंचवीसेक वर्षं. समोर बसून, हसून, हात पसरून : कुणीच तुम्हाले विसरलं नाई मास्तर! हू वर थोडा दम घ्यायचो, न वेगळा यायले पाहिजे म्हणून. अन् समोर मास्तर ऐकत होते ते 'काहून विसरलास'. माह्याच तोंडून. दरवर्षी.

एकदा म्हणाले होते, आत्ता आठवलं, भाजी निवडता निवडता आठवलं. माहं गाणं थांबवलं अन् म्हणे, "तोडू नको बे मन्या. जोड." मले वाटलं सुराचं सांगून राह्यले. मी हू पासून न पर्यंत मींड घेतली, सूर न तोडता घसरत नेला. सगळ्यांनी वाहवा केली. मास्तर नुसते पाहत होते.

मेथी तशीच टाकून उठलो.

१७ फेब्रु., मंगळ.
मास्तरले इथं यवतमाळले आणलं. छातीत कफ भरला, ऑक्सिजन लावला. सुजाता कॉरिडॉरमध्ये रडत होती. मले पाहून म्हणे, "दादा, रविवारचं रद्द करा." केलं. विहारवाल्यांले फोन, पाहुण्यांले फोन. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

डॉक्टर म्हणे दोन दिवस पाहू. ते काय पाहणार हायेत अन् काय नाई, देव जाणे. मले आत सोडलं नाई. असेच गेले तं? विचारायचं राहून गेलं तं?

१८ फेब्रु., बुध.
आत सोडलं नाई.

१९ फेब्रु., गुरु.
सोडलं. दुपारी, दहा मिनिटं. पुस्तक पिशवीत होतं, काढलं नाई.

मास्तर जागे. उजवी बाजू मेलेली, डावा हात चादरीवर. लकवा मारला तरी त्या हातानं ताल सोडला नाई, सुजाता सांगते, पंखा कुरकुरला तरी ठेका धरतात.

म्हटलं, "मास्तर, मी मन्या." डोळे वळले. मले रडू फुटलं, बाजूच्या पेशंटची बाई पाहायले लागली. रडून घेतलं. मंग म्हटलं, "मास्तर, तुमी 'काहून' लिहिलं होतं. मी 'काहू न' छापलं. वही पाह्यली मी. तान्हा पोळा पाह्यला." काईच नाई. डोळे तसेच.

मंग हळू आवाजात म्हणायले लागलो. काहून बिसराई सुध मोरी. या वेळेस तोडलं नाई. दम घेतला नाई, एका श्वासात, जसं आपण घरी कोणाले विचारतो, काहून बावा?

त्यांचा डावा हात उचलला. टाळी, टाळी, दोनदा चादरीवर पालथा पडला. अन् मी 'का' म्हटलं तिथं तळवा वर करून बाहेर झटकला.

सुजातानं तोंडावर पदर घेतला. "दादा, पाह्यलं का? बाबा जाऊ दे म्हणून राह्यले. जाऊ दे म्हनतात ते तुमाले!"

बंदिश खालीवरून, तालाच्या बिनटाळीच्या मात्रेवरून, उठते. नवव्या मात्रेले, 'का' वरच. खालीले हात असाच झटकतात, पोराले पहिल्या दिवशी शिकवतो आपण. मास्तरांनी मले माफ केलं, का फक्त खाली दाखवली?

दोनदा म्हटलं. दोन्ही वेळेस हात तसाच. नर्सनं उठवलं.

२० फेब्रु., शुक्र.
शुद्धिपत्र तयार केलं. 'पान १७ : "काहू न" असे छापले आहे. "काहून" असे वाचावे. अर्थ : तू मला का विसरलास? चूक प्रकाशकाची.' शालू म्हणे प्रकाशकाची कायले, शिष्याची लिहा. लिहिलं. शिष्याची. दिवसभर दोघं चिकटवत बसलो, तिनं सुईदोऱ्याचं कपाट बंद ठेवलं आज. हिशोबानं चिकटवते, एकबी वाकडं नाई. अर्धे गठ्ठे झाले.

सुजाताले सगळं सांगतलं फोनवर. ओलं बाइंडिंगबी. म्हणे, "मले वाटलंच होतं." मंग म्हणे, "पन बाबानं जाऊ दे म्हटलं नं दादा." तिचं पक्कं हाय. माहं नाई.

२१ फेब्रु., शनि.
ताप उतरला मास्तरांचा. ऑक्सिजन कमी केला. पण डॉक्टर अजून मान हलवत नाईत.

शालूले समजावून सांगतलं. आधी नेहमीसारखं म्हणायचं, मंग 'काहून' चार मात्रा उशिरा उचलायचं. म्हणजे 'का' खालीवर नाई, टाळीवर येईल. टाळीले हात पालथा पडतो. नुसता ताल धरत असतील तं हात पालथाच पडंन. तरीबी तळवा वर झाला तं...
"तं काय?"
तं मास्तर ताल चुकले. जलमात पहिल्यांदा. माह्यासाठी.
शालूनं गोंदाचा डबा खाली ठेवला. "अन् पालथाच पडला तं?"
मी पुढचं पुस्तक चिकटवायले घेतलं.

२२ फेब्रु., रवि.
आज प्रकाशन होतं. चारले आत सोडणार. साबण लावून हात दोनदा धुतले, गोंद जात नाई. पान १७ उघडून पुस्तक पिशवीत ठेवलं. बागेश्री घोळवून पाह्यली. चार मात्रा उशिरा, एवढंच करायचं हाय. उशीर तं मले जमतेच.

शालू दारात उभी हाय, ऑटो आला म्हणते