हेल्मेटमधला आवाज

रविवार, १२ डिसेंबर १९९३, डोंबिवली

ह्यांनी खेळण्यातले दोन वॉकीटॉकी आमच्या हेल्मेटांत बसवले. बोलताना बटण दाबायचं. गाडी चालवताना ते कसं जमणार? म्हणून ह्यांनी स्वतःचं बटण रबरबँड लावून दाबलेलंच ठेवलं, आणि विसरले.

कल्याणपर्यंत मी नुसती ऐकतेय. घरी चार शब्द न बोलणारा माणूस अखंड पुटपुटत होता, "खड्डा आला, हळू. ट्रकला जाऊ दे. मागे ती आहे."

स्वतःशीच? रोज? नऊ वर्षं मागे बसतेय, कळलं कसं नाही?

उतरल्यावर रबरबँड दिसला तसे चपापले. "काही ऐकू आलं का गं?"

"छे, नुसती खरखर."

मी का खोटं बोलले कोण जाणे. ते रबरबँड काढायला लागले.

"अहो, राहू द्या. परत जायचंय ना."