पाहुण्याच्या गळ्यातली पाटी

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझ्या कोरायच्या मशीनच्या घरघरीत निम्मं बोलणं वाहून जातं, म्हणून लिहितेय. माझ्याकडे एक कुत्रा आलाय. आणला नाही, आला. जिन्यात बसला होता. दार उघडं दिसलं तसा आत येऊन पलंगाखाली असा निजला, जणू आगाऊ भाडं भरलंय. मी त्याला पाहुणा म्हणते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून या घरात माझ्याशिवाय कुणी शिंकत नव्हतं, आता घोरणंही ऐकू येतं.

गंमत म्हणजे, त्याच्या मानेवर केस झिजून गोल वळ पडलाय. म्हणजे पट्टा होता, तो गेला. कुणी घातला असेल, कुणी काढला असेल? प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे फोटो लावलाय, आजूबाजूच्या गल्ल्यांत विचारलं, पण कुणी फिरकलं नाही. शेवटी पट्टा घ्यायला गेले तर डोकं गरगरलं. चामड्याचा, कापडी, साखळीचा, अंधारात चमकणारा! तू जन्मभर लोकांच्या दारावरच्या पाट्या कोरतोस, आता ही गळ्यातलीही कर. वर काय लिहायचं तेही सांग.

माया आहेच, चेष्टा जरा आवरती घे.
तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मास्तरीणबाई, विद्यार्थी मिळाला म्हणायचा! त्याला पाढे शिकवू नकोस, पळून जाईल.

साखळी नको, केस तोडते. रुंद कापडी पट्टा घे, भिजला तरी लवकर वाळतो. बांधल्यावर खाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. मला वाटतं, तो वळ घट्ट पट्ट्यानंच पडला असावा. लोंबता बिल्ला जेवताना भांड्यावर खणखणतो, म्हणून सपाट पितळी पाटी पाठवतोय. चपला शिवणाऱ्याकडून रिबिटं ठोकून घे. कुत्र्याचं नाव घातलेलं नाही. उद्या चोरानं नावानं हाक मारली, तर तुझा पाहुणा शेपूट हलवत त्याच्या मागे जायचा. फक्त तुझा फोन नंबर कोरलाय, चष्म्याशिवाय वाचता येईल इतका मोठा.

एक मात्र मनात आलं ते लिहितो. केस झिजेस्तोवर ज्यानं पट्टा घातला, त्यानं याला बरीच वर्षं सांभाळलं असणार. नंबर घातला की तूही त्याला सापडशील. मनाची तयारी ठेव.

राग आला तर पत्रातूनच काढ, पण लोभ कमी करू नकोस.
तुझा,
धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी जीभ काळी आहे रे. परवा बागेत पाहुण्यानं हिसका देऊन दोरी सोडवली आणि धूम ठोकली. मी हाका मारून घसा बसवून घेतला. दुपार कलली तेव्हा फोन आला. पलीकडे एक वयस्कर गृहस्थ होते. तुमचा कुत्रा माझ्या दुकानात आहे, म्हणाले. मग हळूच म्हणाले, की तसा तो माझाही आहे.

मोठ्या रस्त्यापलीकडे, बाजाराच्या मागे त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. त्या बाजूला मी चौकशीच केली नव्हती. पडून मांडीचं हाड मोडलं म्हणून ते इस्पितळात होते. पुतण्यानं पट्टा काचतोय म्हणून काढला, आणि दार उघडं राहिलं. ते घरी परतले तेव्हा कुत्रा नव्हता. मेला असं धरून चालले होते. मी पोचले तर हा त्यांच्या पायाशी चिंध्यांत पसरलेला. त्यांनी बटण अशी हाक मारली, तशी याची मान भोवऱ्यासारखी फिरली. माझ्या पाहुणा या हाकेला तो कधी असा वळला नव्हता रे.

राहून राहून वाटतं, त्यांनी पट्टा कापून फेकला असता तर मला कधी कळलंच नसतं. तरी त्यांनी फोन केला. आणखी थोडे दिवस कुत्रा तुमच्याकडे न्या, असं तेच म्हणाले. मी घेऊन आलेय, पण अन्न गोड लागत नाही. तू काय करशील?

उत्तर लवकर पाठव, माया असू दे.
ताई

७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी काय करीन ते विचारू नकोस, मी स्वार्थी माणूस आहे. पण तू काय करशील ते मला ठाऊक आहे, आणि पत्र टाकायच्या आधीच तुलाही ठाऊक होतं. एवढंच सांगतो, तिथून एकटी परत येऊ नकोस. मला कळव, मी येतो.

तुझ्या मायेचा भुकेला,
धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी वाट पाहिली असती तर धीर सुटला असता. तुझं पत्र वाचलं आणि लगेच निघाले. दोरी शिंपीकाकांच्या हातात दिली, बटणाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागे न बघता घरी आले. पलंगाखाली झाडून काढलं. मग तिथंच बसून पोटभर रडले.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. अवघडत म्हणाले, की हा पुतण्याबरोबर पायरीसुद्धा उतरत नाही, दाराकडे तोंड करून बसतो. आणि मी तर काठी टेकत मशीनपासून मोरीपर्यंतच जातो. बाई, तुम्ही याला सकाळी फिरवाल का? मी चपला घालूनच फोनवर बोलत होते!

आता रोज बागेची फेरी झाली की त्याला दुकानात सोडते. काका चहा पाजतात. काल मी पाटीचा विषय काढला. म्हटलं, नंबर तुमचा हवा, माझा भाऊ नवी कोरून देईल. काकांनी सुई कापडातून ओढली, पितळेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, राहू द्या तुमचाच. हा हरवला तर शोधायला पाय लागतात, आणि ते तुमच्याकडे आहेत.

तेव्हा नवी पाटी नको. तू मात्र ये, काकांनी तुझ्या मापाचा सदरा बेतायला घेतलाय.
तुझी,
ताई