बंद कांडप तक्त्यात चालू आहे

आई, तुझं मिरची-मसाल्याचं कांडप अजून चालू आहे. पनवेलला नाही गं, त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात. चालू आहे ते माझ्या ऑफिसच्या तक्त्यात, आणि तिथे ते दरवर्षी वाढतंय. "दिवसभर तिथं करतेस तरी काय?" असं तू विचारायचीस आणि मी "आकडेवारी" म्हणून सुटायचे. आज नीट सांगते. देशात वर्षभरात काय काय तयार झालं ते आम्ही मोजतो, आणि त्यावर कोणी किती खर्च केला तेही मोजतो. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. येत नाहीत. मग उरलेला फरक खाली एका ओळीत टाकायचा आणि त्या ओळीला विसंगती म्हणायचं, झालं. मोठ्या कंपन्यांचे हिशेब आमच्याकडे येतात. तुझ्यासारख्या, एका मोटरवर चालणाऱ्या धंद्यांचे दरवर्षी कोण आणून देणार? म्हणून आम्ही धरून चालतो, की मोठे जितके वाढले तितके छोटेही वाढले. म्हणजे मसाल्याच्या पाकिटवाल्यांनी तुझी गिऱ्हाइकं नेली, आणि ते वाढले म्हणून आम्ही कागदावर तुलाही वाढवलं.

मला तो उन्हाळा आठवतो. करंजाडे, कोन अशा आसपासच्या गावांतल्या बायका मिरच्यांच्या पिशव्या घेऊन ओट्यावर बसल्यात, नाकाला पदर. शाळेला सुट्टी म्हणून मी तुझ्या हाताखाली. एकीची मिरची कांडून झाली की भांडं झाडून पुसायचं, मगच दुसरीची टाकायची, हा तुझा नियम. मी कंटाळून तशीच ओतते, आणि सगळ्यांदेखत पाठीत धपाटा बसतो. "एकीचा मसाला दुसरीच्या डब्यात? तिनं काय तुज्या तोंडाकडं बगून खायाचा?" बायका हसतात, शिंकतात, परत हसतात. मला इतका राग आला होता की मी रात्री जेवलेच नाही, आणि तूही समजूत काढायला आली नाहीस.

पुढे एका उन्हाळ्यात ओटा रिकामाच राहिला. मोटरला तेल घालून तू बसलेली असायचीस. मी तेव्हा नोकरीत रुळले होते. तू विचारलंस, "आमचं कांडप तुज्या सरकारी हिशोबात हाय का नाय?" मी म्हटलं, "आहे की." तुझा चेहरा उजळला. "मंग बरं. म्हंजे त्यांना ठावं हाय, धंदा बसलाय त्यो." मी चहा ढवळत राहिले. आमच्या हिशेबात तो बसला नव्हता, वर चढला होता, हे तुला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

गेल्या आठवड्यात मोजणीची पद्धत बदलायची म्हणून मीटिंग होती. नवीन लागलेल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, ही विसंगती एवढी का फुगते? छोटे धंदे खरंच वाढतायत का, कोणी जाऊन बघितलंय?" सगळ्यांनी फायलीत डोकी घातली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बघितलंय, माझ्या घरात बघितलंय, एवढंच म्हणायचं होतं. पण रिटायरमेंटच्या तोंडावर हात दाखवून अवलक्षण कशाला? मी म्हटलं, "एखाद्या उदाहरणावरून तसं म्हणता येत नाही." साहेबांनी मान डोलावली. नियमाने ते बरोबरच आहे गं, त्याचाच तर संताप येतो. तुला मी एक उदाहरण म्हणाले. त्या मुलीने वही मिटली आणि जुनीच पद्धत कायम राहिली.

तू तर गेलीस, आता हे पत्र कुठे टाकणार? स्वयंपाकघरात, तुझ्या मसाल्याच्या चिनी मातीच्या बरणीखाली ठेवते. त्या बरणीचंही सांगून टाकते. तुझा मसाला पोरांना झेपायचा नाही, म्हणून मी तो शेजाऱ्यांना देऊन टाकायचे आणि पाकिटं आणायचे. तू राहायला येणार असलीस की पाकीट फोडून तुझ्याच बरणीत ओतून ठेवायचे. ताटावर बसलीस की कालवण बोटाने चाखून तू सुनावायचीस, "बग, माज्या मसाल्याचा रंग कसा आलाय." आणि मी म्हणायचे, "हो ना आई, तुझाच आहे."